पुराव्याची भिंत

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी बघावं, ते त्यांचं काम. या अंकाच्या संपादकांच्या घराला मी तीन वेळा रंग दिला आहे. मागच्या महिन्यात रस्त्यात भेटले आणि म्हणाले, "मिस्त्री, दिवाळी अंकासाठी लिहा काहीतरी. चाळीस वर्षं लोकांची घरं रंगवलीत. रंगांच्या गमतीजमती लिहा, वाचकांना आवडेल."

वाचकांना काय आवडतं ते मला माहीत नाही. रंगात गंमत असते हेही मला पहिल्यांदाच कळलं. रंग डब्यातून निघतो आणि भिंतीवर बसतो, झालं. मला माहीत आहे ती बुरशी. माझी निम्मी कामं रंगाची नव्हतीच, बुरशी झाकायची होती. आणि ती मी इतकी चांगली केली की लोक मला लांबून बोलवायचे. तेव्हा बुरशीबद्दलच लिहितो. दिवाळीचा फराळ करताना वाचू नये.

पुण्यात भाड्याचं घर म्हणजे अकरा महिन्यांचं घर. ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं असतं, मग जुना भाडेकरू जातो आणि नवा येतो. या दोघांच्या मधे चार दिवस असतात. ते चार दिवस माझे. मालकाचा फोन यायचा, "मिस्त्री, एक भिंत जरा शेड देतेय." मालक लोक बुरशी हा शब्द तोंडातून काढत नाहीत. भिंत 'शेड देते', 'जरा गार आहे', 'कोपरा थोडा जुना वाटतो'. एक बाई तर मला म्हणाल्या होत्या की भिंतीला 'डिझाइन' आलं आहे. कपाट ओढून बघितलं तर डिझाइन माझ्या खांद्याएवढं उंच होतं आणि त्याला केस होते.

मग मी खरवडायचो, पुट्टी भरायचो, वरून दोन हात मारायचो. नवीन जोडपं घर बघायला यायचं. नळ सोडून बघायचे, मोबाइलला रेंज आहे का बघायचे, फोटोला उजेड कुठून येतो ते बघायचे. भिंतीला हाताचा तळवा लावून एकानेही कधी बघितलं नाही. पदव्या भिंतीवर टांगायला आणलेल्या असतात, त्या भिंतीला हात लावायचं मात्र कोणी शिकवलेलं नसतं. माझा रंग पुढच्या आषाढापर्यंत टिकायचा. आषाढात तो फुगायचा, आणि मग मालक आणि भाडेकरू एकमेकांकडे बोट दाखवायचे.

मालक म्हणणार, तुम्ही खिडक्या उघडत नाही, घरात कपडे वाळत घालता. भाडेकरू म्हणणार, तुमची भिंत गळते. ॲग्रीमेंट काढलं तर त्यात लिहिलेलं असतं की किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करायची आणि मोठी मालकाने. आता बुरशी किरकोळ की मोठी? ती सुरू होते तेव्हा नखाएवढी असते. त्या वेळी ती भाडेकरूची. भाडेकरू ती मालकाची होईपर्यंत वाट बघतो. चांगली शिकली-सवरलेली माणसं हे करताना मी बघितली आहेत.

खरं तर कोणाचं चुकलं ते बघायला वकील लागत नाही. दुधाची पिशवी लागते. रिकामी पिशवी उघडी कापायची, धुवायची, कोरडी करायची आणि भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायची. दोन दिवस हात लावायचा नाही. मग काढायची. पिशवी भिंतीच्या बाजूने ओली असेल तर पाणी भिंतीतून येतंय, म्हणजे मालकाचं. खोलीच्या बाजूने ओली असेल तर ती खोलीतली वाफ, कपड्यांची, स्वयंपाकाची, माणसांच्या श्वासाची. ती भाडेकरूची. एवढं सोपं आहे.

पिशव्या आमची इंदू तयार करून द्यायची. इंदू म्हणजे माझी बायको. घरात आलेली एकही दुधाची पिशवी तिने कधी फेकली नाही. धुऊन मोरीपाशी एका खिळ्याला उलटी अडकवायची. मी कामाला निघालो की डब्याबरोबर दोन पिशव्या हातात द्यायची आणि म्हणायची, "घ्या तुमचं कोर्ट."

इंदू फाल्गुनात गेली. छाती. डॉक्टरांनी पुष्कळ कारणं सांगितली, वय सांगितलं, लहानपणीची चूल सांगितली. भिंतीचं नाव डॉक्टरांनी घेतलं नाही. ते मी घेतो. कसं ते पुढे येईल.

मी कधीच रिटायर झालो आहे. गुडघे शिडीवर चढायला नाही म्हणतात. पण या श्रावणात एकाच सकाळी मला दोन फोन आले, एकाच घरातून. पहिला भाऊसाहेब गोऱ्यांचा. सदाशिव पेठेत त्यांचं दोन मजली घर आहे, वर स्वतः राहतात आणि खाली भाडेकरू ठेवतात. तीस वर्षं त्यांची 'शेड' मीच झाकली. ते म्हणाले, "मिस्त्री, तुमची ती पिशवी घेऊन या. भाडेकरूबाई ऐकत नाहीत." अर्ध्या तासाने भाडेकरूबाईंचा. वैशाली त्यांचं नाव, क्लासमधे गणित शिकवतात. म्हणाल्या, "काका, मालक म्हणतात तुम्ही टेस्ट करता. पण तुम्ही त्यांचे आहात का आधी सांगा." मी म्हटलं, "मी कसबा पेठेचा आहे." फोन ठेवला आणि निघालो. घरी बसून करायचं काय होतं? घरात इंदूचा चष्मा होता आणि भिंत होती.

खालच्या मजल्यावर आत गेलो तर वासानेच कळलं. झोपायच्या खोलीत पश्चिमेची भिंत कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत काळी. त्या भिंतीला लागूनच गादी, आणि गादीवर पाच वर्षांची मुलगी चित्र रंगवत बसलेली. सई तिचं नाव. दर दोन मिनिटांनी खोकायची, आणि खोकून झालं की पुन्हा रंगवायला लागायची, जसं काही कोणी मधेच हाक मारली होती. उशाशी श्वासाचा पंप.

भाऊसाहेब दारातच उभे. आत यायचे नाहीत, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की त्यांनी बघितलं. म्हणाले, "बघा, त्या दोऱ्या बघा. घरात कपडे वाळत घालतात, खिडकी बंद. हॉलमधे इस्त्री, वाफ. मी आठ महिने सांगतोय."

वैशालीबाई म्हणाल्या, "खिडकी उघडली की वरून तुमच्या कुंड्यांचं पाणी पडतं, भाऊसाहेब. पुस्तकं भिजली माझी."

"माझ्या कुंड्यांना कोणी बोलायचं नाही."

"कुंड्यांना नाही बोलले. तुम्हाला बोलले."

मी दोन पिशव्या लावल्या. एक काळ्या भिंतीला, एक आतल्या भिंतीला. पट्ट्या घट्ट दाबल्या. निघताना म्हटलं, "बाई, पोरीची गादी तेवढी पलीकडे घ्या. आणि ही भिंत ओल्या फडक्याने पुसून घ्या, नाकाला रुमाल बांधून. कोरडी झाडायची नाही, नाहीतर सगळं हवेत उडतं. पिशवीभोवतीचं राहू दे."

त्या म्हणाल्या, "गादी घेते. पण पुसणार नाही. पुसली की पुरावा जातो. उद्या घर सोडताना हे म्हणतील, बुरशी नव्हतीच. किंवा म्हणतील, तुम्हीच केली. मी दर रविवारी फोटो काढतेय, तारखेसकट."

सामानाची थैली उचलली आणि चालत घरी आलो. कसब्यापर्यंत चालताना कानात तेच. पुसली की पुरावा जातो.

आता माझ्या घराचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मीही भाडेकरू आहे. जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, वडिलांपासूनच्या. भाडं जुनं, म्हणून मालकाला आम्ही नको. आम्ही निघावं म्हणून तो दुरुस्ती करत नाही, आणि आम्ही निघत नाही. पेठेत अशी पुष्कळ घरं आहेत. मोठा मालक वारला, त्याचा मुलगा कोथरूडला राहतो, तो इथे येतच नाही. आमच्या आतल्या खोलीच्या भिंतीत अठरा वर्षांपूर्वी ओल आली. मी त्याच आठवड्यात पिशवी लावली. भिंतीच्या बाजूने ओली निघाली. म्हणजे मालकाचं पाणी. बाहेर पावसाच्या पाण्याचा पाइप आहे, त्याचा कोपरा फुटला होता. मी कोथरूडला जाऊन त्या मुलाला सांगितलं, आता मालक तोच. तो म्हणाला, "तुम्ही तर रंगारी आहात, बघा की तुम्हीच."

ते माझ्या डोक्यात बसलं. मी रंगारी आहे म्हणून तुझी भिंत फुकट नीट करायची होय? मी ठरवलं की या भिंतीला हात लावायचा नाही. त्याने करायची. तो येईल तेव्हा त्याला दाखवायची.

इंदू दर दिवाळीला म्हणायची, "अहो, लोकांची घरं चकचकीत करता, आपल्या भिंतीला उरलेल्या रंगाचा एक हात तरी मारा. तो फिक्कट पिस्ता आहे ना खाटेखाली."

मी म्हणायचो, "रंग मारला की तो म्हणणार ओल नव्हतीच. राहू दे. पुरावा आहे."

"कोणाला दाखवायचा पुरावा?"

"त्याला."

"तो येतोय कधी?"

"यावं लागेल त्याला."

झोपताना भिंतीकडची बाजू तिची होती. उशीला टॉवेल गुंडाळून झोपायची, कारण उशी दमट व्हायची. दर पावसाळ्यात खोकायची. दर पावसाळ्यात मी मालकाला शिव्या द्यायचो. मला तेवढंच जमत होतं असं वाचणाऱ्याला वाटेल, पण तसं नव्हतं. मला सगळं जमत होतं. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या भिंती सुकवल्या मी. आणि ती गेल्यावरही मी त्या भिंतीला हात लावला नाही. मालक भेटायला आला तर त्याला दाखवायची म्हणून तशीच ठेवली. तो आलाच नाही. फुलांचा हार पाठवला, पार्सलवाल्याच्या हाती.

दोन दिवसांनी सदाशिव पेठेत गेलो. दोघंही हजर. भाऊसाहेब या वेळी खोलीत आले, चष्मा पुसून. मी पिशवी ओढली. भिंतीच्या बाजूने थेंब, निथळणारे. मी ती उलटी केली. खोलीच्या बाजूनेही दमट, हात लावला की ओला होत होता. आतल्या भिंतीवरची पिशवी भिंतीच्या बाजूने कोरडी, बाहेरून दमट.

"दोन्ही," मी म्हटलं. "भिंतीतलं पाणी आहे, ते जास्त आहे. आणि खोलीतली वाफ आहे, ती कमी आहे. पण आहे."

"ऐकलंत?" भाऊसाहेब म्हणाले. "दोन्ही. म्हणजे आधी बाईंनी कपडे बंद करावेत. मग मी भिंतीचं बघतो."

"आधी भिंत," वैशालीबाई म्हणाल्या. "जास्त तुमचं आहे, मग आधी तुम्ही."

"आधी कपडे."

"आधी भिंत."

सई गादीवर बसून खोकत होती. गादी पलीकडे नेली होती, पण खोली ती केवढी. ती म्हणाली, "आजोबा, भिंतीवरच्या ढगांना मी नावं दिलीत. हा हत्ती. ही आईच्या क्लासची बस."

मी मोरीत गेलो. बादलीत पाणी घेतलं, ब्लीचिंग पावडर मागितली. वैशालीबाईंना वाटलं मी बुरशी लागलेले हात धुतोय. त्यांनी दिली. मी सईला बाहेरच्या खोलीत पाठवलं, खिडकी सताड उघडली, नाकाला रुमाल बांधला, फडकं भिजवलं आणि पुसायला लागलो. आधी हत्ती गेला.

"काका!" वैशालीबाई ओरडल्या. "काका, थांबा! पुरावा आहे तो माझा! तुम्ही कोणाच्या बाजूचे आहात?"

मी पुसत राहिलो. गुडघे कुरकुरत होते. म्हटलं, "बाई, पुरावा मीही ठेवला होता. अठरा वर्षं. छान ठेवला होता, एवढासाही पुसला नाही. तो बघायला कोणी आलं नाही. त्याच्याशेजारी माझी बायको झोपत होती."

भाऊसाहेबांनी पुसलेल्या भिंतीकडे बोट दाखवलं. "बघा," ते म्हणाले, "साधं पुसलं की जातं. म्हणजे किरकोळच झालं ना?"

तेव्हा मात्र मी फडकं बादलीत टाकलं. "भाऊसाहेब, वर चला."

वर त्यांच्या गॅलरीत बरोबर त्याच भिंतीच्या डोक्यावर कुंड्यांची रांग. लाल, गुलाबी अडेनियम, देखणी. कुंड्यांच्या मागे पाणी जायचं भोक मातीने आणि पानांनी बुजलेलं. सगळं पाणी गॅलरीत साचत होतं आणि कठड्याच्या चिरेतून खाली भिंतीत उतरत होतं. मी खिशातली तार भोकात घातली, दोनदा फिरवली. साचलेलं पाणी घळाघळा निघून गेलं. दोन मिनिटं लागली असतील.

"आठ महिने," मी म्हटलं.

"मला काय माहीत," भाऊसाहेब म्हणाले. "मी काय प्लंबर आहे?"

"चिरेत सिमेंट भरून घ्या. कुंड्या हलवा."

"कुंड्या हलणार नाहीत. ऊन इथेच येतं."

मी खाली आलो. वैशालीबाई रडवेल्या होऊन बसल्या होत्या. त्यांच्या वहीचं पान मागून घेतलं आणि माझ्या अक्षरात लिहिलं: मी अमुक, रंगारी. या खोलीच्या भिंतीत पाणी वरच्या गॅलरीतून येतं, तिथे भोक बुजलं होतं, ते मी उघडलं. चीर अजून आहे. खोलीत वाफही आहे, ती कपड्यांची. बुरशी मी पुसली, भाडेकरूंनी नाही. दोन्ही मी डोळ्यांनी पाहिलं. खाली सही, तारीख. दोन प्रती केल्या. एक त्यांना दिली, एक भाऊसाहेबांना. "हा घ्या पुरावा," मी म्हटलं. "याला वास येत नाही. पोरीशेजारी ठेवला तरी चालतो."

भाऊसाहेबांनी कागद वाचला, दोनदा. म्हणाले, "तीस वर्षं तुम्हाला काम दिलं, मिस्त्री. उद्यापासून येऊ नका."

"मी रिटायर आहे. आजही यायचं नव्हतं."

पुढे काय झालं ते थोडक्यात. चीर भाऊसाहेबांनी भरली, दुसऱ्या रंगाऱ्याकडून. तो कागद त्यांना टोचत असणार. कुंड्या तशाच आहेत. वैशालीबाई कपडे आता दारासमोरच्या पॅसेजमधे घालतात, त्यावरून भाऊसाहेबांचं वेगळं भांडण चालू आहे. सईचा खोकला कमी झाला असं बाई फोनवर म्हणाल्या. पाऊस ओसरला म्हणूनही असेल. मी श्रेय घेत नाही. ज्या माणसाने तीस वर्षं त्याच भिंतीवर पुट्टी फासली त्याने श्रेयाचं बोलूच नये. सईच्या आधी तिथे कोण कोण झोपलं, कोण खोकलं, ते मी कधी विचारलं नव्हतं. रंग छान बसला की नाही एवढं बघून निघायचो.

त्या दिवशी घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत गेलो. फुटलेला पाइप गॅलरीच्या कठड्यावरून हात बाहेर काढला की लागतो. शिडीही लागत नाही. अठरा वर्षं तो हाताच्या अंतरावर होता. जुना कोपरा काढला, नवा बसवला, मागची चीर भरली. शेजारचे कासमभाई दारात येऊन उभे राहिले. त्यांचाही मालक तोच.

"मिस्त्री, मालकाला विचारलं का?"

"नाही."

"मग उद्या तो म्हणेल ही दुरुस्ती तुमचीच होती. बाजू कमजोर होईल तुमची."

"होऊ दे, कासमभाई."

ते आत जाऊन पाण्याची बादली भरून घेऊन आले आणि सिमेंट कालवायला बसले. जेवायच्या वेळेपर्यंत सगळं झालं होतं. एवढ्याच वेळाचं काम होतं ते.

मग आतला फुगलेला गिलावा मी छिन्नीने पाडला. भिंत उघडी ठेवली, भादवा पूर्ण जाऊ दिला, घाई केली नाही. नवा गिलावा केला, तोही सुकू दिला. खाटेखालचा फिक्कट पिस्ता आतापर्यंत डब्यात वाळून दगड झाला होता. तो काही कामाचा नव्हता. दुकानात गेलो आणि तसाच नवा आणला. दुकानदार म्हणाला, "मिस्त्री, कोणाचं काम?" मी म्हटलं, "घरचं." दोन हात मारले. चांगला बसला आहे. मालकाचा मुलगा कधी आला तर त्याला दाखवायला आता काहीही नाही.

रंग सुकल्यावर मी पिशवी लावली. मोरीपाशी खिळ्याला इंदूने धुतलेल्या पिशव्या अजून आहेत, त्यातलीच एक. चारही बाजूंनी पट्टी लावली आणि दोन दिवस हात लावला नाही. काल काढली. भिंतीच्या बाजूने कोरडी. उलटी करून बघितली, खोलीच्या बाजूनेही कोरडी. लहान खोलीत दोन माणसं झोपत असली तर त्या बाजूने थोडा तरी दमटपणा धरतोच, हे मी चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो. आता खोलीत एकच माणूस झोपतो.

पिशवी धुतली आणि तिच्या खिळ्याला परत लावली.